शिवणयंत्रवाल्यांच्या दरबारात एल्विस

१९६८ सालच्या डिसेंबरच्या ३ तारखेस, मंगळवारी रात्री नऊ वाजता, अमेरिकेतील एन.बी.सी. या दूरचित्रवाणी कंपनीने एल्विस प्रेस्ली या गायकाचा एक तासाचा जो खास कार्यक्रम प्रक्षेपित केला, त्याचा यजमान कोणी नाट्यसंस्था नव्हती, संगीतसभाही नव्हती; तो होता सिंगर हा शिवणयंत्रांचा कारखानदार, आणि कार्यक्रमाच्या अधिकृत नावातदेखील गायकाच्या आधी मान त्याचाच होता. काळ्या लोखंडी अंगावर सोनेरी अक्षरांत कोरलेले हे नाव आपल्याकडच्या शिंप्यांना आणि माजघरांतल्या गृहिणींना चांगले परिचयाचे. परंतु त्याच नावाच्या आश्रयाने तिकडे एका गायकाचा पुनर्जन्म घडत होता, याची वार्ता आपल्यापर्यंत पोहोचण्यास तेव्हा काही साधन नव्हते. मुंबईला दूरदर्शनचे केंद्र उघडण्यास २ ऑक्टोबर १९७२ हा दिवस उजाडावा लागला. तोवर आपल्या तरुणांना एल्विस ठाऊक होता तो तबकड्यांतून, इंग्रजी चित्रपटगृहांतून, आणि हिंदी पडद्यावर शम्मी कपूर मानेला जे हिसडे देत असे त्यांतून.

अमेरिकेत हे खास संगीतकार्यक्रम म्हणजे एक रूढ झालेली संस्थाच होती. एखादा बडा तारा, त्याच्या दिमतीला वाद्यवृंद, नर्तकनर्तकींचा ताफा, दोन-चार सन्माननीय पाहुणे, मधूनमधून पेरलेले विनोद, आणि सर्वांच्या डोक्यावर ज्याच्या खजिन्यातून हा खर्च चालायचा तो प्रायोजक, अशी त्याची मांडणी असे. १९५८ साली फ्रेड अस्टेअरच्या नृत्याचा गाजलेला कार्यक्रम झाला तो क्रायस्लर या मोटारकंपनीच्या पैशावर. कधी एखादा गुणी कलावंत हा साचा मोडूनही दाखवी; बार्ब्रा स्ट्रायसँडने १९६५ साली एकही पाहुणा न बोलावता अख्खा तास स्वतःच्या गळ्यावर पेलला होता. पण सामान्य रिवाज असा की, ताऱ्याची जी काही धार असेल ती बोथट करून, त्याला घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सर्वांसमोर बसवता येईल इतका सौम्य करावे, म्हणजे जाहिरातदारास घोर नको.

एल्विसची धार बोथट करण्याचा हा उद्योग तर १९५६ सालीच सुरू झाला होता. मिसिसिपीतल्या टुपेलो गावी दरिद्री घरात जन्मलेला आणि मेम्फिसमध्ये वाढलेला हा तरुण त्या वर्षी प्रथमच देशभर दिसू लागला, आणि त्याच्या कंबरेच्या हालचालींनी पाद्र्यांपासून वृत्तपत्रांपर्यंत सर्वत्र कोलाहल माजला. त्यावर स्टीव्ह अॅलन या सूत्रधाराने उपाय शोधला तो असा, की त्याला लांब शेपटांचा औपचारिक काळा कोट चढवला आणि एका लांबकान्या कुत्र्यासमोर उभे करून, कुत्र्यावरचेच त्याचे प्रसिद्ध गाणे त्याच्याकडून म्हणवून घेतले. सप्टेंबरात एड सलिव्हनच्या कार्यक्रमात तो आला तेव्हा सुमारे सहा कोटी लोकांनी त्यास पाहिले. खुद्द सलिव्हन त्या रात्री मोटार-अपघातामुळे गैरहजर होता आणि त्याच्या जागी चार्ल्स लॉटन हा विख्यात इंग्रज नट सूत्रे सांभाळत होता. जानेवारी १९५७ मध्ये तिसऱ्यांदा आला तेव्हा मात्र कॅमेऱ्याला हुकूम सुटला होता की कंबरेखाली उतरायचे नाही. कोट्यवधी प्रेक्षक अर्धाच गायक पाहत बसले. उरलेला अर्धा त्यांनी कल्पनेने पुरा केला असणार, आणि ती कल्पना प्रत्यक्षाहून सोज्ज्वळ होती असे मानण्यास काही आधार नाही.

या साऱ्या व्यवहाराचा मुखत्यार होता टॉम पार्कर. त्याला सर्वजण ‘कर्नल’ म्हणत. पण ही कर्नलकी कोणत्या रणांगणावर मिळवलेली नव्हती, लुइझियाना राज्याच्या गव्हर्नराने ती मानाची सनद म्हणून बहाल केली होती. हा मनुष्य मूळचा हॉलंडमधल्या ब्रेडा गावचा, जन्मनाव आंद्रेआस व्हान काउक, आणि अमेरिकेत रीतसर कागदपत्रांविना शिरलेला. ही गोष्ट त्याने अर्धे आयुष्य दडवून ठेवली. जत्रांतील खेळ आणि तंबू यांच्या धंद्यात त्याची उमेदवारी झाली होती, आणि तिकीटखिडकीवरचा गल्ला हाच कलेचा अंतिम निकष, ही त्याची श्रद्धा अखेरपर्यंत अढळ राहिली. एल्विस लष्करातील दोन वर्षांची सक्तीची नोकरी आटोपून १९६० साली परतला, तेव्हा पार्करने फ्रँक सिनात्राच्या कार्यक्रमात त्याची स्वागतसभा भरवली, मोबदला सव्वा लाख डॉलर्स घेतला, आणि त्यानंतर दूरचित्रवाणीचे दार असे लावून घेतले की आठ वर्षे ते उघडले नाही. जो चेहरा फुकट दिसतो त्याचे तिकीट कोण काढील, हा त्याचा हिशेब. मार्च १९६१ मध्ये हवाई बेटांत पर्ल हार्बरच्या स्मारकासाठी एक मदतीचा जलसा झाला. त्यानंतर प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर गाणेही थांबले.

उरले चित्रपट. वर्षास सुमारे तीन या गतीने ते निघत: कधी समुद्रकिनारा, कधी मोटारींची शर्यत, नायिका बदललेली, कथानक तेच, आणि मध्ये बसवलेली गाणी अशी की ती गाताना गायकाला स्वतःला काय वाटत असेल, या प्रश्नाने संकोच व्हावा. १९६४ च्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेत उतरले आणि तरुणांनी सिंहासन दुसऱ्यांना अर्पण केले. एल्विसचे १९६५ सालचे एकमेव मोठे यश म्हणजे एक भक्तिगीत, आणि तेदेखील १९६० साली ध्वनिमुद्रित होऊन पेटीत पडून राहिलेले. एके काळी ज्याच्यामुळे देशातील थोरामोठ्यांची झोप उडाली होती तो तिशी ओलांडताच जुन्या काळचा माणूस ठरला होता, आणि १९६८ उजाडेपर्यंत चित्रपटांची मिळकतही ओसरू लागली होती.

तेव्हा कर्नलने एन.बी.सी.शी एकत्रित सौदा केला: एक चित्रपट आणि त्याच्या जोडीला दूरचित्रवाणीचा एक कार्यक्रम. कार्यक्रमाचा त्याच्या मनातला मसुदा अगदी साधा होता. डिसेंबर महिना, नाताळचा सण. एल्विसने सभ्य पोशाखात उभे राहून नाताळची गीते गावीत, सर्वांस सणाच्या शुभेच्छा द्याव्यात आणि रजा घ्यावी. शिवणयंत्रे विकणाऱ्या कंपनीला याहून निर्धोक ते काय हवे? परंतु कार्यक्रमाची मुख्य जबाबदारी ज्याच्यावर होती त्या बॉब फिंकेलने दिग्दर्शनासाठी स्टीव्ह बाइंडर या तरुणास पाचारण केले, आणि तेथेच कर्नलचा बेत फसला.

बाइंडरची ख्याती, म्हणावे तर कुख्याती, त्या वसंतात ताजी होती. ब्रिटिश गायिका पेट्यूला क्लार्क हिच्या अशाच एका खास कार्यक्रमाचे चित्रण तो करीत असता, हॅरी बेलाफाँटे या कृष्णवर्णीय गायकासमवेत युद्धविरोधी गीत गाताना तिने सहजपणे त्याच्या दंडावर हात ठेवला. एवढ्याने प्रायोजक मोटारकंपनीचा जाहिरातविभागाचा अधिकारी अस्वस्थ झाला. दक्षिणेकडील गिऱ्हाइके बिथरतील, सबब हा भाग पुन्हा चित्रित करावा, असा त्याचा आग्रह. क्लार्क आणि तिचा पती यांनी तो साफ नाकारला, आणि ज्यांत दोघे दूरदूर उभे होते अशी बाकीची चित्रणे नष्ट करून टाकली, म्हणजे दाखवायचे तर हेच दाखवा, दुसरे काही शिल्लकच नाही! एप्रिलमध्ये कार्यक्रम दिसला तो तसाच, हातासह. त्याच एप्रिलच्या ४ तारखेस मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती, आणि तीही मेम्फिसमध्ये, एल्विसच्या स्वतःच्या गावात.

अशा वर्षात नाताळगीतांचा कार्यक्रम करण्यास बाइंडर राजी नव्हता. एल्विसनेही त्याच्यापाशी कबूल केले की दूरचित्रवाणीची आपल्याला धास्ती वाटते. त्यावर, तू तबकडी केल्यासारखे गा, तिला चित्रे जोडण्याचे काम माझे, अशा अर्थाचे आश्वासन बाइंडरने दिले. त्याच्या आठवणीतील आणखी एक प्रसंग बोलका आहे. हॉलिवूडमधील सनसेट बुलेव्हार या रस्त्यावर त्याची कचेरी होती. भर दुपारी रस्त्यावर उभा राहिलास तर काय होईल, अशी चर्चा निघाली, आणि दोघे खरोखरच खाली उतरून पदपथावर उभे राहिले. १९५६ साली असे केले असते तर पोलिसांची तुकडी बोलवावी लागली असती. यावेळी मोटारी गेल्या, लांब केसांची मुले गेली. कोणी वळून पाहिले नाही. लोकांनी ओळखले नाही की ओळखूनही पर्वा केली नाही, याचा निर्णय आता कोण करणार! पण ते काही क्षण त्या मनुष्यास कोणत्याही टीकालेखापेक्षा अधिक शिकवून गेले असावेत. तालमी चालू असतानाच, जूनच्या ५ तारखेस, त्याच लॉस एंजेलिस शहरात रॉबर्ट केनेडीवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि कार्यक्रमाच्या मंडळींत त्या रात्री चर्चा झाली ती गाण्यांची नव्हे.

मूळ योजनेत भव्य देखाव्यांना तोटा नव्हता: एका गिटारवाल्या भटक्याची गाव सोडून नशीब काढायला निघालेली कथा, तिच्यात मारामारी, कराटे, सर्कशीसारखी रोषणाई, दुसरीकडे कृष्णवर्णीयांच्या भक्तिसंगीतावर रचलेला मोठा नृत्यप्रवेश. हे सर्व झालेही. परंतु ज्या भागामुळे या कार्यक्रमाचे नाव आज घेतले जाते तो या योजनेत नव्हताच. तालीम संपली की एल्विस कपडेपटाच्या खोलीत आपल्या सोबत्यांना घेऊन बसे, कोणी गिटार उचले, कोणी हाताशी सापडेल त्यावर ताल धरी, आणि जुन्या गाण्यांतून, थट्टामस्करीतून, अर्धवट सोडलेल्या ओळींतून तास न् तास जात. दाराबाहेर उभ्या असलेल्या बाइंडरला कळून चुकले की खरा कार्यक्रम आत चालला आहे आणि आपण बाहेर देखावे रंगवीत बसलो आहोत. आपल्याकडील ज्याने एखाद्या थोर गवयाचे जाहीर जलशातील गाणेही ऐकले आहे आणि मध्यरात्रीनंतर चार जाणत्यांत जमलेली त्याची बैठकही अनुभवली आहे, त्याला बाइंडरचे हे दुःख समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. त्याने त्या खोलीतच कॅमेरा नेण्याची परवानगी मागितली. कर्नलने ती दिली नाही. अखेर तडजोड ठरली: खोली नाही, पण रंगमंचावर तशीच बैठक मांडायची.

बरबँक येथील एन.बी.सी.च्या चार क्रमांकाच्या स्टुडिओत मुष्टियुद्धाच्या रिंगणासारखा एक लहानसा चौकोनी मंच उभारला गेला. जुने साथीदार, गिटारवादक स्कॉटी मूर आणि तालवादक डी. जे. फॉन्टाना, यांना मुद्दाम बोलावले. जुन्या संचातला तिसरा, बास वाजवणारा बिल ब्लॅक, १९६५ सालीच निवर्तला होता. २७ जून रोजी संध्याकाळी सहाला एक आणि आठला दुसरी अशा दोन बैठकी ठरल्या. प्रेक्षकांच्या प्रवेशपत्रिका वाटण्याचे काम कर्नलने अट्टहासाने स्वतःकडे घेतले होते. आणि बाइंडरच्या सांगण्याप्रमाणे, ऐन दिवशी पाहावे तो दाराशी माणसेच नाहीत! धावाधाव झाली, नभोवाणीवरून पुकारा केला गेला, समोरच्या खाणावळीत जेवणाऱ्यांना उठवून आणले गेले. ज्याचे दर्शन सात वर्षांत कोणास झाले नव्हते त्याच्यासाठी प्रेक्षक गोळा करण्याची ही तऱ्हा.

आणि आत तो स्वतः पाऊल उचलण्यास तयार नव्हता. काय बोलायचे, काय गायचे, काही आठवत नाही, असे म्हणत तो खुर्चीत रुतून बसला होता. बाइंडरने कशीबशी समजूत घालून त्याला बाहेर काढले. बाहेर आला तो अंगभर काळ्या कातड्याचा पोशाख घालून, जो बिल बेल्यू या वेशकाराने त्याच्यासाठी बेतला होता, आणि ज्यात जूनच्या उन्हाळ्यात, प्रखर दिव्यांखाली, माणूस घामाने निथळेल याचा विचार केलेला दिसत नाही. पहिल्या काही मिनिटांत त्याचा हात थरथरतो, विनोद अडखळतात, नजर सोबत्यांकडे आधार शोधते. फॉन्टानापुढे नगारे नाहीत. तो गिटारच्या पेटीवर टिपऱ्या मारतो आहे. मग जिमी रीडच्या एका ब्लूज गाण्याचा ठेका धरला जातो, तो पुरा होण्याआधीच सोडला जातो, पुन्हा धरला जातो. थोड्या वेळाने एल्विस स्कॉटी मूरची विजेची गिटार आपल्याकडे घेतो आणि तेथून चित्र पालटते: तो तिच्यावर सफाईदार काही वाजवीत नाही, एकच खडबडीत, हट्टी आघात लावून धरतो, आणि आवाज, जो आठ वर्षे गुळाच्या पाकात बुडाला होता, तो फाटक्या कडेसह वर येतो. उभे राहावेसे वाटते. गिटारला गळ्यात अडकवायचा पट्टा नाही. तर एक पाय खुर्चीवर ठेवून, मांडीवर वाद्य पेलून, तो तसाच गातो, आणि शेजारचा सोबती ध्वनिक्षेपकाचा दांडा हातात धरून त्याच्या तोंडाशी नेतो. मंचाच्या कडेला हातभर अंतरावर बसलेल्या मुलींपैकी कोणाची घाम पुसण्यासाठी रुमाल देण्याची लगबग चालली आहे. अर्धा गायक दाखवणाऱ्या त्या कॅमेऱ्यांना अकरा वर्षांनी पुरा माणूस सापडला होता.

येथे एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. त्या बैठकीत जे ताजेतवाने वाटले त्यातील बहुतांश उसने होते. जिमी रीड काय, लॉइड प्राइस काय, मूळ रचनाकार आणि गायक कृष्णवर्णीय होते, आणि त्यांच्यापैकी कोणासही एन.बी.सी.वर नऊ वाजताचा तास कोणी देऊ केला नव्हता. एल्विसने आपले ऋण वेळोवेळी मान्य केले, आणि भक्तिसंगीताच्या प्रवेशात त्याच्या मागे डार्लिन लव्हच्या ‘ब्लॉसम्स’ या कृष्णवर्णीय गायिकात्रयीचा आवाज स्पष्ट ऐकूही येतो. तथापि हिशेब एवढ्याने पुरा होत नाही. बाकीच्या देखाव्यांविषयी मात्र भक्तांनी रागावू नये. ती गिटारवाल्याची कथा आज पाहताना कंटाळा येतो. त्यातील कुंटणखान्याचा प्रवेश नीतिरक्षणार्थ गाळला गेला, त्याने कलेची फार हानी झाली असे मला वाटत नाही.

राहता राहिला शेवट. कर्नलला तेथे नाताळगीत हवे होते, निदान सणाचा एखादा संदेश. बाइंडरला हवे होते असे काही, की जे त्या रक्ताळलेल्या वर्षाकडे पाठ फिरवणार नाही. गायनवृंदाचे काम पाहणाऱ्या अर्ल ब्राउनला त्याने सांगितले, आणि ब्राउनने एका रात्रीत गीत रचून आणले. किंग यांच्या वाणीचा आणि स्वप्नाचा निनाद त्यात उघड होता. हे आपल्या माणसाच्या जातकुळीचे गाणे नव्हे, असा कर्नलचा शेरा. एल्विसने ते पियानोवर पुन्हा पुन्हा वाजवून घेतले, काही वेळ गप्प राहिला, आणि मी हे गाणार, एवढेच म्हणाला. त्या एका वाक्याने कारभाऱ्याचा हुकूम रद्द झाला. दोघांच्या दीर्घ सहवासात असे प्रसंग विरळा. पांढऱ्या पोशाखात, पाठीमागे मनुष्याच्या दुपटीतिपटीने उंच तांबड्या दिव्यांत पेटलेले स्वतःचे नाव घेऊन, तो ते गीत गायला. कर्नलची समजूत म्हणून बैठकीतले एक नाताळगीत कार्यक्रमात ठेवले गेले; पुढील ऑगस्टमध्ये कार्यक्रम पुन्हा दाखवला तेव्हा तेही काढून दुसरे घातले.

प्रक्षेपणाच्या रात्री दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांपैकी शेकडा ४२ जणांनी हाच कार्यक्रम लावला होता. तबकडी पहिल्या दहांत पोहोचली, शेवटचे गीत बाराव्या क्रमांकापर्यंत चढले. याहून महत्त्वाचे ते पुढील महिन्यात घडले: एल्विस मेम्फिसला परतला आणि ‘अमेरिकन’ नावाच्या एका साध्या स्टुडिओत त्याने जी गाणी मुद्रित केली, त्यांतील एक १९६९ अखेरीस देशात पहिल्या क्रमांकावर गेले. चित्रपटांचा रहाटगाडा थांबला. ३१ जुलै १९६९ रोजी लास वेगासच्या इंटरनॅशनल हॉटेलात त्याने पुन्हा जाहीर गायनास आरंभ केला, आणि चार आठवड्यांत ५७ प्रयोग केले.

पण त्या ५७ या आकड्यातच कर्नल परत आलेला दिसतो. प्रयोग थांबवला म्हणजे गल्ला थांबला. तेव्हा हॉटेलाशी करारावर करार होत गेले, आणि जो मनुष्य एका खुर्चीवर पाय ठेवून मोकळा झाला होता तो रात्रीस दोन-दोन खेळांच्या घाण्याला जुंपला गेला. परदेशी दौऱ्यांची आमंत्रणे येत. कर्नल ती परतवी, आणि ज्याच्यापाशी रीतसर पारपत्र नव्हते त्याला परदेशाचे वावडे का होते, हे पुढे सर्वांस उमजले. बाइंडर म्हणतो की कार्यक्रमानंतर एल्विसला भेटण्याचे त्याचे प्रयत्न दारावरच अडवले गेले. १९७३ साली हवाईहून उपग्रहामार्फत दुसरा भव्य कार्यक्रम झाला, रत्नजडित पांढऱ्या वेशात. तिसरा १९७७ च्या जूनमध्ये चित्रित झाला, तेव्हा देह सुजलेला आणि शब्द विसरणारा झाला होता, आणि सी.बी.एस.ने तो ऑक्टोबरात दाखवला तोवर गायकाच्या निधनाला दीड महिना उलटून गेला होता. ती बैठक मात्र तुकड्यातुकड्यांनी नव्हे तर सलग, अडखळणाऱ्या विनोदांसह आणि मध्येच सोडलेल्या ओळींसह प्रेक्षकांना पाहायला मिळाली ती १९८५ साली, आणि तीही वर्गणी भरून पाहण्याच्या एका वाहिनीवर, जिच्या कारभारात शिवणयंत्रवाल्यांना किंवा मोटारवाल्यांना विचारण्याचे कारणच नव्हते.